पोथीच्या छायाचित्रांतील बिंदु : त्यांचें वाचन व लेखन

वऱ्हाडांत, विशेषतः अमरावती व अकोला या बाजूस, महानुभावीय पोथ्या आणि मोडी दप्तरें जुन्या घरांतून व मठांतून जपलेलीं आढळतात. मोर्शी तालुक्यांतील ऋद्धिपूर हें तर म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचें जन्मस्थानच होय. अलीकडे मूळ पोथीऐवजीं तिचें छायाचित्रच पुष्कळदां संशोधकाच्या हातीं येतें. हें छायाचित्र डोळ्यांनीं पाहतां येतें तसेंच आंकड्यांनींहि वाचतां येतें. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

संगणकांतील छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी होय. एकेका चौकटीस पिक्सेल म्हणतात. आम्ही तिला बिंदु म्हणूं. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे असून ते सामान्यतः ० पासून २५५ पर्यंत असतात. ४००० बिंदु रुंद व ३००० बिंदु उंच अशा पानांत १ कोटि २० लक्ष बिंदु, म्हणजे ३ कोटि ६० लक्ष आंकडे होतात. गणना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, शून्यापासून करतात.

हे आंकडे वाचण्यास पायथन ही १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली आज्ञाभाषा सोयीची आहे. तिच्यासाठीं असलेल्या पिलो या विनामूल्य आज्ञासंग्रहांत 'गेटपिक्सेल' ही आज्ञा एका बिंदूचे आंकडे देते व 'पुटपिक्सेल' ही नवे आंकडे लिहिते. सबंध पानास मात्र ही रीत फार मंद पडते. म्हणून नमपाय या दुसऱ्या संग्रहाच्या सारणींत सर्व आंकडे एकदम घ्यावे. पिलोंत आधीं आडवें स्थान व मग उभें, तर नमपायमध्यें आधीं ओळ व मग स्तंभ, हा भेद विसरूं नये.

याचा उपयोग एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, कागदाचे आंकडे २१५, १९०, १५०; काळ्या शाईचे ५०, ४०, ३५; आणि हिंगुळाचे २००, ६०, ५० आहेत. नुसता तांबडा आंकडा घेतल्यास हिंगुळ व कागद यांत १५ चेंच अंतर राहतें व तांबडीं अक्षरें जवळ जवळ लोपतात. परंतु तांबड्यांतून हिरवा वजा केल्यास कागदाचे २५, शाईचे १० आणि हिंगुळाचे १४० उरतात. तेव्हां ८० च्या वर जें उरेल तें हिंगुळ, असें ठरवून प्रकरणांचीं नांवें व दंड निराळे काढतां येतात. वजाबाकीपूर्वीं सारणी मोठ्या मापाच्या अंकांत घ्यावी. एरव्हीं ऋण उत्तर उलट फिरून मोठा धन अंक होतो.

वाचन निर्धोक आहे. लेखनांत मात्र धोका आहे. डाग काढण्यासाठीं लहान, सुटे काळे ठिपके शोधून त्यांच्या जागीं कागदाचा रंग लिहिण्याची पद्धत आहे. आमच्या पहिल्या प्रयत्नांत पान स्वच्छ झालें खरें, पण डागांबरोबर अनुस्वारहि गेले. महानुभावीय गद्यांत 'गोसावी' आणि 'गोसावीं' हीं एक रूपें नव्हेत. टिंब गेलें कीं तृतीया विभक्तीचें चिन्ह गेलें. पुढें अशा स्वच्छ प्रतीवरून पाठ छापला गेल्यास दोष लेखकूच्या माथीं बसेल, आणि तो बिचारा निर्दोष असेल.

यास्तव आमचा नियम असा : मूळ छायाचित्रावर कधींहि लिहूं नये, प्रतीवरच लिहावें. प्रत टिफ किंवा पीएनजी या स्वरूपांत ठेवावी. जेपेगमध्यें सांठवितांना न लिहिलेले बिंदूहि बदलतात. मूळ व प्रत यांची बिंदुशः वजाबाकी करावी. जेथें उत्तर शून्य नाहीं, तेथें आपला हात लागला आहे. तीं स्थळें पुन्हां डोळ्यांनीं तपासावीं. शिवाय ८० सारखी जी मर्यादा धरली असेल ती पाठभेदांबरोबर छापावी, म्हणजे दुसऱ्या संशोधकास तीच क्रिया करून आमचें म्हणणें पडताळतां येईल.