हळदीचं गाव आणि पेव

"बाई, 'पेव फुटणे' माहीत आहे, पण पेव म्हणजे काय हो?" वर्गातल्या मुलीनं विचारलं. सांगलीची मुलगी आणि हा प्रश्न! मला हसूही आलं, वाईटही वाटलं.

मैत्रिणींनो, सांगलीजवळच कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खोल खणलेली पेवं म्हणजे हळदीची कोठारं. तोंड अरुंद, पोट ऐसपैस. तोंड लिंपून टाकलं की आत ना हवा, ना कीड. हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही, माणूस गुदमरतो.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली. व्यापारी गोदामांकडे वळले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवं बरीचशी बुजली होती.

यार्डातले सौदे मात्र जोरात असतात. (सगळी हळद इथलीच नसते बरं का, कर्नाटकातूनही येते.) नवी नवरी असताना सासूबाईंनी मला तिथं नेलं, हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. तेव्हापासून मी वर्षाची हळद हळकुंडं आणूनच दळते. पुढच्या शनिवारी त्या मुलींना हरिपूरला न्यायचंय. सासूबाईही येणार म्हणतात.