हॅमस्टरची ‘जोडी’ घेताय? आधी हिशेब मांडा

बेळगाव : मुलांच्या हट्टापायी ड्वार्फ हॅमस्टर घरी येतो आणि ‘एकटा कंटाळेल’ म्हणून पालक जोडीच घेतात. खरी अडचण इथूनच सुरू होते.

मंगोलिया, सायबेरिया, कझाकस्तानकडच्या माळरानावरचा हा जीव. वजन 30 ते 50 ग्रॅम, आयुष्य दीड-दोन वर्षे. नर-मादी एकत्र ठेवले की 18 ते 21 दिवसांत मादी विते. एका वेळी साधारण 4 ते 6 पिल्ले. नर पिंजऱ्यातच राहिला तर व्यायलेल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे पहिली पिल्ले दूध सोडतात न सोडतात, तोच दुसरी हजर!

दोन्ही नर घेतले तरी सुटका नाही. लहानपणी गुण्यागोविंदाने राहणारे मोठेपणी जागा आणि खाण्यावरून भांडतात. चाव्यांनी एखादा मरतोही.

म्हणून एक पिंजरा, एक हॅमस्टर हाच सोपा नियम. त्याला सोबतीपेक्षा पळायला चाक, लपायला जागा आणि उकरायला कागदी कपट्यांचा जाड थर जास्त गरजेचा.

जोडी आधीच आणली असेल तर आजच दुसरा पिंजरा घ्या. मादी व्यायली असेल तर फक्त नर बाजूला काढा, पिल्लांना हात लावू नका. घाबरलेली आई पिल्ले खाऊनही टाकते. तीन आठवड्यांनी पिल्लांतले नर-मादी वेगळे करा. ओळखता येत नसेल तर पशुवैद्यांना दाखवा.

आणि नकोशी झाली म्हणून शेतात सोडू नका. मांजर-कावळ्यांपुढे त्यांचा एक दिवसही निभाव लागणे कठीण.