एंजिन तापक, विद्युत्

अतिशीत हवामानात वाहनाचे एंजिन सुरू करण्यापूर्वी त्यातील शीतनद्रव अथवा वंगण तेल तापविण्यासाठी वापरण्यात येणारे विजेवरील साधन. वाहन उभे असताना ते बाहेरील वीजपुरवठ्यास जोडतात. कॅनडाचा प्रेअरी प्रदेश, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का व नॉर्थ डकोटा ही राज्ये आणि स्कँडिनेव्हियातील देश येथे ते सर्रास वापरले जाते. मालमोटारींच्या डीझेल एंजिनांना त्याची विशेष गरज भासते.

गरज : डीझेल एंजिनात ठिणगी गुडदी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा तापते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. एंजिन फार थंड असल्यास या हवेतील उष्णता सिलिंडराच्या भिंतींत निघून जाते आणि प्रज्वलनास लागणारे तापमान गाठले जात नाही. त्याच वेळी वंगण तेलाची श्यानता (दाटपणा) वाढल्याने एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. उलट विद्युत् घटमालेतील रासायनिक विक्रिया मंदावून तिची आरंभक चलित्रास शक्ती पुरविण्याची क्षमता −१८° से.च्या सुमारास निम्म्यावर येते. म्हणजे जोर सर्वांत अधिक हवा असतो, तेव्हाच तो सर्वांत कमी मिळतो. शिवाय एंजिन सुरू झाले, तरी दाट तेल धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते व तोवर त्यांची झीज होते.

प्रकार : नॉर्थ डकोटातील अँड्रू फ्रीमन यांना १९४९ मध्ये एका तापकाचे एकस्व मिळाले. त्यात सिलिंडर-शीर्षाच्या एका बोल्टाच्या जागी तापक घटक असलेला पोकळ बोल्ट बसवीत. पुढे शीतनद्रवात बुडालेला तापक अधिक रूढ झाला. एंजिनाच्या ठोकळ्यातील ओतकामाची भोके बुजविणारी एखादी चकती काढून तेथे तो बसवितात. तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो व संवहनाने सर्व ठोकळा ऊबदार होतो. मोटारगाडीस सु. ४०० ते ६०० वॉटचा तापक पुरतो. जड मालमोटारीस १,००० ते १,५०० वॉटचा लागतो. याशिवाय तेलाच्या तबकाखाली चिकटविण्याच्या तापक-गाद्या व घटमालेभोवती गुंडाळण्याची तापक-आवरणेही मिळतात.

वापर : दोनचार तासांनंतर मिळणारी व बाहेर जाणारी उष्णता जवळजवळ समान होते व तापमान फारसे वाढत नाही. म्हणून १ किलोवॉटचा तापक रात्रभर १० तास ठेवण्यात १० युनिट वीज खर्च होते. कालनियंत्रकाने पहाटे ३ तास चालविल्यास ३ युनिटांत तेच काम होते. जोडतार थंडीत न तडकणाऱ्या आवरणाची व भूयोजित असावी. तापक शीतनद्रवात पूर्ण बुडालेला नसल्यास जळतो. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समभाग मिश्रण सु. −३७° से.पर्यंत गोठत नाही. मात्र शुद्ध ग्लायकॉल −१३° से.च्या सुमारासच गोठते. त्यामुळे गोठणरोधक जितके जास्त तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे.

मर्यादा : ठोकळ्यातील तापक टाकीतील इंधनास ऊब देत नाही. डीझेलातील पॅराफिन मेण थंडीत सुटून गाळणी तुंबते व एंजिन बंद पडते. त्यासाठी हिवाळी डीझेलच वापरावे लागते. लडाखसाठी इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये −३३° से.पर्यंत प्रवाही राहणारे डीझेल उपलब्ध केले. टाकीखाली शेकोटी किंवा उघडी ज्योत लावण्याचा उपाय आगीस निमंत्रण देणारा आहे.

दुसरी मर्यादा विजेची. अलास्कातील फेअरबँक्ससारख्या शहरात वाहनतळांवर वीजजोड असतात. तेथे हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत कोंडून राहते आणि थंड एंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. पूर्वतापनाने तो कमी होतो. परंतु तेथून उत्तरेस जाणाऱ्या ६६६ किमी. लांबीच्या डाल्टन महामार्गावर अशी सोय क्वचितच आढळते. याच मार्गालगतच्या प्रॉस्पेक्ट क्रीक येथे १९७१ मध्ये −६२° से. तापमान नोंदले गेले होते. अशा वाटेवर चालक थांब्यावरही एंजिन चालू ठेवतात किंवा वाहनाच्याच इंधनावर चालणारा तापक वापरतात. एंजिन चालू ठेवण्यात इंधन वाया जाते. पण तेथे बंद पडलेल्या वाहनात चालकाच्या जिवासही धोका असतो.