मुक्या जीवाचे औषध : दया आणि विवेक

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. पावसाळ्यात येथील नदीची पातळी हा अवघ्या जिल्ह्याच्या काळजीचा विषय असतो. ऑगस्ट २०२० अखेरीस आलेला महापूर अनेकांच्या स्मरणात आहे. पूर ओसरतो, परंतु मागे राहिलेली डबकी, चिखल आणि उंदरांचा वावर यांतून घरातील पाळीव कुत्र्याच्या आरोग्याला धोका संभवतो.

लेप्टोस्पायरोसिस हा अशाच परिस्थितीत बळावणारा रोग आहे. त्याचे जिवाणू उंदरांच्या मूत्रावाटे पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील जखमेतून किंवा तोंडावाटे कुत्र्याच्या शरीरात शिरतात. ताप, उलट्या, कावीळ ही त्याची लक्षणे असून यकृत व मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिन वर्गातील औषधाने अथवा डॉक्सिसायक्लिनने प्राण वाचू शकतात. आजारी कुत्र्याच्या मूत्रातून हा रोग माणसालाही होतो, म्हणून त्याची स्वच्छता करताना हातमोजे वापरावेत.

गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियोसिस या तापावरही डॉक्सिसायक्लिनच उपयोगी पडते. मात्र ते साधारणपणे चार आठवडे द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रे खाऊ लागते आणि घरची मंडळी औषध थांबवतात. रोग मात्र शरीरात दबा धरून राहण्याचा संभव असतो.

याउलट पिल्लांना ग्रासणारा पार्व्हो हा विषाणूजन्य रोग आहे. प्रतिजैविक विषाणूला मारत नाही. दुर्बल झालेल्या आतड्यांतून होणारा जिवाणूसंसर्ग रोखण्यापुरताच त्याचा उपयोग. खरा आधार सलाईनचा आणि खरे संरक्षण लसीकरणाचे.

हा भेद घरबसल्या ओळखता येत नाही. तरीही माणसांसाठी आणलेल्या औषधांतील उरलेली गोळी अंदाजाने अर्धी करून कुत्र्याला दिली जाते. हेतू दयेचाच असतो. परिणाम घातक होऊ शकतो. मात्रा वजनावर ठरते. एन्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने वाढत्या पिल्लाच्या सांध्यांतील कूर्चेला इजा होऊ शकते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक तर कुत्र्याला विषासमान ठरते.

अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला सरावतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता. एकाच अंगणात वावरणारे कुत्रे व मुले यांच्यात असे जिवाणू एकमेकांकडे जाऊ शकतात. त्या अर्थाने प्रतिजैविके ही समाजाची सामाईक ठेव आहे. ती आज अविचाराने खर्च केली, तर उद्या घरातील आजारी माणसाच्या गरजेला ती पुरणार नाही.

औषधाच्या पट्टीवरील उभी लाल रेघ हेच सांगते की, चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये. त्वचेचा संसर्ग पुनःपुन्हा होत असेल, तर पशुवैद्यकांना कल्चर तपासणीबद्दल विचारावे. आजार गुंतागुंतीचा असल्यास नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय कारध्याहून फार दूर नाही.

मुक्या जीवाला आपली व्यथा सांगता येत नाही. म्हणूनच औषध सुरू केल्याचा दिवस, मात्रा आणि संपविण्याचा दिवस घरच्या दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावा, आणि कुत्रे बरे दिसू लागले तरी पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय तो क्रम मोडू नये. जीवदयेला एवढ्या नियमाची जोड हवीच.