विंचच्या पट्ट्यावरचा मोठा आकडा

मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांवरचा बर्फ वितळला की घरोघरच्या ड्राइव्ह-वेवर झाकून ठेवलेल्या बोटी बाहेर निघतात. मग ट्रेलरच्या पुढच्या खांबावरची हाताने फिरवायची विंच उघडली जाते आणि तिचा पट्टा कडेने उसवलेला सापडतो. बोट पाण्यातून रॅम्पवरून ट्रेलरवर ओढून घेणारा हाच पट्टा. दुकानात तो वीस-तीस डॉलरला मिळतो, बहुधा दोन इंच रुंद आणि वीस फूट लांब. वस्तू साधी असल्यामुळे तिच्याबद्दल सल्ला द्यायला शेजारीपाजारी सगळे तयार असतात, आणि त्यातला बराचसा चुकीचा असतो.

सगळ्यात पक्का गैरसमज पाकिटावरच्या ठळक आकड्याचा. ‘10,000 पौंड’ वाचलं की गिऱ्हाईक मनात म्हणतं, माझी बोट साडेतीन हजार पौंडांची, म्हणजे तिप्पट ताकद झाली. पण हा आकडा पट्टा तुटण्याचा असतो. कामाचा आकडा त्याच पाकिटावर बारीक अक्षरात असतो, सुरक्षित कार्यभाराचा, आणि तो साधारण एक तृतीयांश भरतो. दहा हजारांच्या पट्ट्याचा कार्यभार 3,333 पौंड. शिवाय तो आकडा नुसत्या कापडाचा आहे की हूक आणि शिलाईसकट पूर्ण जोडणीचा, हेही बघायला हवं. दहा हजारांच्या कापडाला हलका हूक शिवला असेल, तर आकडा हूकचा धरायचा.

मग निवड कशावरून करायची? बोटीच्या वजनावरून थेट नाही. अमेरिकेतले बरेचसे रॅम्प 12 ते 15 टक्के उताराचे असतात. साडेतीन हजार पौंडांची बोट तशा उतारावर ओढताना उताराचा वाटा चारशे-पाचशे पौंडांचाच. वर घर्षणाची भर, आणि ट्रेलरच्या गालिचा ठोकलेल्या फळ्यांवर ती बरीच असते. हे गणित प्रत्येक रॅम्पवर बदलतं. त्यापेक्षा विंचवर कोरलेली क्षमता वाचावी. बोट कुठे अडकली आणि आपण जोर लावत राहिलो, तर विंच आपल्या पूर्ण क्षमतेने ओढणार आहे. म्हणून पट्ट्याचा कार्यभार निदान तेवढा तरी असावा. विंच 1,800 पौंडांची असेल, तर तुटण्याचा आकडा 5,400च्या वरचा हवा. त्याहून जाड पट्टा घेऊन विंचची ताकद काडीचीही वाढत नाही. आणि विंच बोटीला पुरेशी आहे का हे बघताना बोटीचं वजन जाहिरातीतलं धरू नका. ते बहुधा कोरडं असतं. चाळीस गॅलन पेट्रोलच साधारण 240 पौंड भरतं, मग बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी वेगळीच.

‘लांब घेतलेला बरा, कधी तरी उपयोगी पडेल’ हे आपल्या काटकसरी मनाला लगेच पटतं. इथे मात्र ते महागात पडतं. विंचची छापील क्षमता बऱ्याचदा पट्टा गुंडाळायचा ड्रम जवळपास रिकामा असतानाची, म्हणजे पहिल्या थरावरची असते. पाच सेंटीमीटर व्यासाच्या गाभ्यावर दोन मिलिमीटर जाडीचा वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचा पट्टा पूर्ण गुंडाळला तर गुंडाळीचा व्यास तेरा सेंटीमीटरच्या पुढे जातो. हँडलवर जोर तेवढाच, पण पट्ट्यावरची ओढ चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. तीस फुटी घेतला तर व्यास सोळा सेंटीमीटरच्या आसपास, ओढ तिसऱ्या हिश्शाच्याही आत. कधी पट्टा ड्रमच्या कडांबाहेरही येऊ लागतो. यातली खरी मेख अशी की बोट पाण्यात तरंगत असते तेव्हा पट्टा बाहेर असतो आणि विंच जोरात असते. बोटीचा भार फळ्यांवर येतो, नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक खांबाजवळ पोचतं, तेव्हा सगळा पट्टा ड्रमवर जमलेला असतो. नेमकी गरज असते तेव्हाच विंच सर्वांत कमजोर. म्हणून ट्रेलर नेहमीइतका पाण्यात घालून बोटीच्या नाळेवरच्या कडीपर्यंतचं अंतर मोजावं, त्यात ड्रमवर कायम राहणारे तीन-चार वेढे मिळवावेत आणि तेवढाच पट्टा घ्यावा.

कापडाच्या बाबतीत दुकानदारही ‘नायलॉनचा पट्टा’ असं सरसकट म्हणतात. लेबल वाचा. नायलॉन भाराखाली पॉलिएस्टरपेक्षा बराच जास्त ताणला जातो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्के घटते. हा पट्टा तर पाण्यातच काम करणार. पॉलिएस्टर ओलं झालं तरी जवळपास तेवढंच मजबूत राहतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि तरंगणारं, पण उन्हात लवकर ठिसूळ होतं. फ्लोरिडा-टेक्सासच्या उन्हात तर त्याचा विचारही नको.

पोलादी तार घ्यावी का? मजबूत असते, प्रश्न नाही. पण खाऱ्या पाण्यात ती गंजते, एकदा मुडपली की तिथेच कमजोर होते आणि तुटलेल्या तंतूंची टोकं हाताला ओरबाडतात. साध्या कौटुंबिक बोटीसाठी पट्टाच बरा.

आता त्या चुकीकडे, जिच्यामुळे बोट रस्त्यावर येऊन पडते. ‘विंच घट्ट आवळली आहे, आता हायवेला लागू.’ विंच ओढण्यासाठी आहे. प्रवासात बोट धरून ठेवणं हे तिचं काम नाही, आणि उत्पादकांच्या सूचनांमध्येही तसं लिहिलेलं असतं. खड्ड्यात ट्रेलर उसळला की बोटीचा मागचा भाग वर उडतो आणि पुढचा पट्टा त्याला रोखू शकत नाही. विंचच्या खटक्याचा दात घसरला किंवा पट्टा तुटला तर नाळही मोकळी. म्हणून नाळेच्या कडीला विंचपासून स्वतंत्र अशी साखळी ट्रेलरला लावायची आणि मागच्या दोन्ही कड्यांना रॅचेटचे दोन पट्टे. ही तीन जास्तीची बंधनं लावायला दोन-चार मिनिटं लागतात. ती टाळणारी माणसं मला कधीच समजली नाहीत.

कापला गेलेला पट्टा गाठ मारून किंवा घरच्या शिलाई मशीनवर शिवून चालवणं हे आपलं हुकमी तंत्र. गाठीपाशी पट्टा दुमडतो, भार मोजक्या धाग्यांवर येतो आणि ताकद निम्म्याच्या आसपास घसरू शकते. व्यापारी मालवाहू वाहनांवर गाठ असलेले पट्टे वापरायला केंद्रीय नियमांत मनाई आहे. घरच्या ट्रेलरला तो नियम लागू नसला तरी कारण तेच.

‘वरून तर ठीक दिसतोय’ असं म्हणायच्या आधी पट्टा ड्रमच्या बोल्टपर्यंत पूर्ण सोडून बघा. मिठाचे खडे, वाळू आणि ओल आतल्या वेढ्यांतच साठतात. रंग उडालेला, हाताला कडक लागणारा, कडेचे धागे तुटलेले, शिलाई सैल झालेली, हूकचा खटका पूर्ण न मिटणारा, यातलं एकही दिसलं तर बदला. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

जुना काढण्याआधी फोनवर त्याचा फोटो घ्या: पट्टा ड्रमच्या वरून येतो की खालून. उलटा गुंडाळला तर खटका भलत्याच दिशेला धरतो. बोल्ट पट्ट्याच्या शिवलेल्या फासातून जातो. कापडाला भोक पाडायचं नाही. पहिली गुंडाळी थोडा ताण ठेवून सरळ करायची, नाहीतर भार आल्यावर वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुततो. ओढताना पट्ट्याच्या रेषेत कुणाला, विशेषतः मुलांना, उभं राहू देऊ नका. आणि जुना पट्टा कापूनच कचऱ्यात टाका. अखंड ठेवला तर पुढच्या घरबदलीला कुणीतरी त्याने फ्रिज बांधणार.