अक्षरांआधी माती

लेकराला शिकवायला महागडी खेळणीच लागतात असे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा पाने, बिया, शिंपले हीच साधने वापरली.

पावसाळा सरला की हिंगण्याच्या काळ्या मातीत थोडी वाळू मळा, म्हणजे तडे कमी जातील. भाकरीसारखी थापा. पिंपळाचे पान शिरांची बाजू खाली करून लेकराला दाबू द्या. पान उचलताच शिरा उमटतील. सावलीत वाळवा. एरंड, धोतरा, कण्हेर विषारी आहेत, ते टाळा.

माती मळून बोटांना येणारे बळच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलावर अक्षरांची सक्ती नको. आधी माती द्या.