जुन्या घराला जुनीच फळी : मुरबाड-शहापूरच्या लाकूडकामाचा हिशोब

पावसाळा सरला की मुरबाड, सरळगाव, धसई, किन्हवली, शहापूर या पेठांतून मिस्त्री मंडळींना एकच प्रश्न ऐकू येतो. "चाचा, माडीच्या चार फळ्या गेल्यात. तशाच फळ्या मिळतील का?" चाचा वखारीत जाऊन येतात आणि मान हलवतात. लाकूड मिळते, तशी फळी मिळत नाही. मग कोणी सिमेंटचा पत्रा सुचवतो, कोणी प्लायवूड, तर कोणी सगळी भिंतच उतरवून विटा लावायचा सल्ला देतो. शंभर वर्षे टिकलेले काम चार फळ्यांपायी मोडीत निघते. त्यात मालकाचे नुकसान होतेच, पण आपल्या कारागिरांचे व जुने लाकूड विकणाऱ्या व्यापाऱ्यांचेही काम जाते. म्हणून आज या विषयाचा हिशोब मांडत आहोत.

फळी दुर्मिळ का झाली?

आपल्या भागातील जुनी घरे सागाची व ऐनाची आहेत. खांब, तुळया, वासे, माडीची तक्तपोशी, झडीच्या बाजूची फळ्यांची भिंत आणि दुकानाच्या तोंडाला लावायच्या आकडे घातलेल्या फळ्या, असे सारे काम जवळच्या रानातल्या लाकडाचे. ती झाडे जुनी, सावकाश वाढलेली, गाभ्याने भरलेली होती. ती चिरली हाताने. दोन माणसे मोठी करवत ओढीत आणि फळी पुरी एक इंच किंवा सव्वा इंच जाडीची निघे.

रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचली. इथले लाकूड मुंबईला नेणे सोपे झाले आणि मोठी झाडे झपाट्याने कमी झाली. १९७५ च्या खाजगी वन संपादनाच्या कायद्याने अनेक मालकी राने सरकारजमा झाली. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर वनातील तोड मंजूर कार्य आयोजनेपुरतीच उरली, आणि २००२ पासून नव्या सॉ मिलच्या परवान्यावरही कडक बंधने आली. मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरलेल्या बर्मा सागाची वाटही आटली, कारण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली.

आज वखारीत मुख्यतः लागवडीचा साग दिसतो, तो देशी असो वा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला. तो वाईट असतो असे नाही. पण कोवळ्या झाडात गाभा कमी आणि बाहेरची पांढरी जास्त. फळी अरुंद, आणि रंधा मारल्यावर एक इंचाची पाऊण इंच उरते. जुन्या भिंतीत ती बसवली की पाव इंचाची पायरी पडते. त्या पायरीवर पाणी थांबते आणि पाणी थांबले की शेजारची चांगली फळीही कुजते.

आम्ही पाहिलेले एक काम

काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या पेठेतील आमच्या परिचयाच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या माडीचे काम निघाले. पश्चिमेची भिंत आडव्या फळ्यांची. फळी नऊ इंच रुंद, एक इंच जाड. नऊ फळ्या कुजलेल्या. वखारीत सहा इंचांपेक्षा रुंद सुका साग मिळेना. मालक कंटाळून म्हणाला, "मिस्त्री, पत्रा ठोका आणि मोकळे व्हा." म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातातला गुण्या खाली ठेवला. "भाई, आधी तुमचा माळा दाखवा," ते म्हणाले.

माळ्यावर धान्याच्या कोठीची आडभिंत होती, त्याच घराच्या त्याच फळ्यांची. तिच्यातून चार फळ्या निघाल्या आणि कोठीला नव्या सागाच्या अरुंद फळ्या लागल्या, जिथे त्या कोणाला दिसत नाहीत आणि पाऊसही लागत नाही. उरलेल्या पाचांसाठी सरळगावच्या बाजूला पाडलेल्या घराची एक तुळई विकत घेतली. तुळई दहा इंच रुंद होती, म्हणून नऊ इंचांची फळी निघाली.

ही तुळई आणताना मात्र चूक झाली, आणि ती आमचीच. जुने लाकूड, त्याला कागद कशाला, असे समजून आम्ही ती टेम्पोत टाकली. नाक्यावर गाडी अडली आणि चार तास उभी राहिली. ज्याचे घर पाडले त्याचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला आणून दिला तेव्हा सुटका झाली. त्या चार तासांत जे शिकलो ते पुढे सांगतो.

आधी ओळख, मग माप

फळी शोधायला निघण्यापूर्वी कुजलेल्या फळीचा वीतभर तुकडा कापून खिशात घ्या. त्याचे टोक धारदार पटाशीने स्वच्छ करा. सागाला तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास असतो, आणि टोकावर वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात. ऐन सागाहून बराच जड व तपकिरी असून त्यात गडद रेघा असतात. बिवळ्याचा भुसा पाण्यात टाकून ते पाणी उन्हात धरले तर निळसर झाक दिसते. हेद पिवळसर व एकसारखा, आतल्या कामाला बरा, झडीला नाही. 'आफ्रिकन टीक' नावाने विकले जाणारे लाकूड पुष्कळदा इरोको असते. ती वेगळी जात आहे. लाकूड वाईट नाही, पण साग म्हणून सागाच्या भावात घेऊ नये.

मग पाच मापे लिहा : लांबी, दिसणारी रुंदी, सांध्यासह पूर्ण रुंदी, जाडी आणि सांध्याची खोली. आपल्याकडील जुन्या भिंतींत बहुधा पताम असतो. वरच्या फळीचा ओठ बाहेरून खालच्या फळीवर येतो, म्हणजे पाणी बाहेर निथळते. घाईत हा ओठ उलटा बसवलेला आम्ही पाहिला आहे. मग भिंतच पाणी आत ओढून घेते.

घनफुटाची गंमत

आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. वीस फळ्या म्हणजे दहा घनफूट. इथवर सोपे आहे. पण गोल ओंडका घेतला तर वखारीत होप्पस माप चालते. घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका होप्पसने दहा घनफूट भरतो, खरे आकारमान सुमारे पावणेतेरा घनफूट असते. चिरल्यावर चांगल्या फळ्या साधारण निम्म्याहून थोड्या अधिक निघतात. म्हणून गोल लाकडाचा भाव आणि चिरलेल्या लाकडाचा भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवू नये.

जुन्या तुळईचा हिशोब वेगळा. आठ इंच चौरस तुळईतून एक इंची फळ्या काढल्या आणि प्रत्येक चिरेला आठवा भाग इंच गेला, तर कागदावर सात फळ्या निघतात. पण बाहेरच्या बाजू झिजलेल्या असतात, जुन्या खाचा व भोके असतात. हातात सहा आल्या तरी समाधान माना, आणि सौदा सहावरच करा.

सॉ मिलवाले जुने लाकूड नाकारतात ते खिळ्यांच्या भीतीने. आत राहिलेला एक खिळा पट्ट्याचे दात उडवतो आणि माणसाला इजाही करू शकतो. दोरीला बांधलेले जोरदार चुंबक प्रत्येक बाजूवरून फिरवा, खिळे काढा आणि मगच मिलीत न्या. खिळे काढून दिलेले लाकूड हा वेगळा माल आहे. त्याचा भाव वेगळा मागायला संकोच नको.

शोधावे कुठे?

पहिले ठिकाण घर स्वतः : माळा, कोठी, मागची पडवी, न्हाणीची आडभिंत. चांगली जुनी फळी दर्शनी बाजूला आणा, नवी मागे लावा. दुसरे, पंचक्रोशीत पाडकामाला निघालेली घरे. ज्या रानाचे लाकूड तुमच्या घरात, त्याच रानाचे बहुधा तिथे. तिसरे, कल्याण-भिवंडीकडील जुन्या लाकडाच्या वखारी आणि मुंबईत रे रोड व ओशिवरा. तिथे मुंबईच्या पाडलेल्या इमारतींचा बर्मा साग येतो. तो घट्ट असतो, मात्र रंग आपल्या सागाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. चौथे, वनविभागाचे व महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे लिलाव. तिथला माल कागदोपत्री चोख असतो, पण चार फळ्यांसाठी परवडत नाही. दहा मिस्त्रींनी मिळून घेतला तर परवडेल.

कागद नसेल तर लाकूड नाही

भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ६९ प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे. या कायद्याखालील कारवाईत वनोपज कोणाचे असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचे मानले जाते. म्हणजे पुरावा देण्याचे ओझे तुमच्यावर. त्याच कायद्याखाली माल आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. म्हणून जुने लाकूड उचलण्यापूर्वी घरमालकाचे सहीचे पत्र, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला, उभ्या घराचे फोटो आणि नगांची मापांसह यादी तयार ठेवा. यादी घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि वाहतूक परवाना लागतो का हे लेखी विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने वाहतूक परवान्यासाठी देशपातळीवर संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे, तिचीही चौकशी करावी.

स्वतःच्या बांधावरचा साग आहे म्हणून कुऱ्हाड लावू नका. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडे येतात, त्यांना परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला वेगळा कायदा आहे. ठाकूर-कातकरी वस्तीत जाऊन परस्पर सौदा करणे बेकायदेशीर तर आहेच, गरिबाला फसवण्याचे पापही आहे.

बसवताना

फळी विकत घेतल्याबरोबर ठोकू नये. पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी रचून, त्याच घरात काही आठवडे ठेवावी. मुरबाडला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. नऊ इंच रुंदीची सागाची फळी या फेरात दोन-अडीच मिलिमीटर फुगते-आकसते. तेवढी जागा सांध्यात सोडावी. दोन्ही कडांना खिळे ठोकून फळी जखडली तर ती मधोमध फाटते.

फक्त खालचे टोक कुजले असेल तर पूर्ण फळी बदलू नका. उतरता छेद घेऊन तेवढ्याच भागाला कलम करा. छेदाचा उतार बाहेर असावा. लोखंडी खिळ्याने ऐनावर काळे डाग पडतात, पितळी स्क्रू महाग पडले तरी वापरावेत. वरून अळशीचे उकळलेले तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, दोन-तीन हात द्यावे. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

एक शेवटची सावधगिरी. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, तोंडाला फडके बांधावे आणि मुलांना लांब ठेवावे.

धंदा कुठे आहे?

आमचे म्हणणे एवढेच की जुळणारी फळी बाजारात तयार मिळत नाही, ती जमवावी लागते. आज घर पाडणारा ठेकेदार चांगले लाकूड जळणाच्या भावाने काढतो आणि चार गावे पलीकडे दुसरा मालक त्याच फळीसाठी वणवण करतो. या दोघांच्या मध्ये उभे राहणारा व्यापारी आपल्याकडे फार थोडा आहे. एक पडवी, एक वही आणि कागदांची फाईल एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. प्रत्येक नगावर लाकडाची जात, माप, कोणत्या गावच्या घराचे आणि कागद क्रमांक लिहून ठेवा. पक्के बिल द्या. साग नसेल तर साग म्हणू नका. एकदा खात्री पटली की मिस्त्री दुसऱ्या वखारीची पायरी चढत नाही.

आणि मिस्त्री बंधूंना विनंती. पताम व कलम नव्या पोरांना शिकवा. त्या किराणावाल्याच्या माडीवरची भिंत आजही उभी आहे. कोणत्या फळ्या बदलल्या हे रस्त्यावरून सांगता येत नाही.